मक्याची दारू आणि तीन मणी

माझ्यासमोर बुटका, जाड बुडाचा ग्लास होता. त्यात जांभळट काहीतरी, बर्फाचा एकच मोठा चौकोनी तुकडा, कडेला संत्र्याची भाजलेली साल आणि काडीला टोचलेले तीन काळे द्राक्षमणी. मी एक घोट घेतला, तोंडात घोळवला, डोळे मिटले आणि शेजारच्या बशीत थुंकलो.

डोळे उघडले तर ज्या मुलीनं ते पेय बनवलं होतं ती रडवेली होऊन माझ्याकडे बघत होती.

"काका, एवढं वाईट झालंय?"

वाईट झालं होतं की चांगलं, हेच मला कळलं नव्हतं. थुंकलो ते सवयीनं. पस्तीस वर्षं मी तोंडात घातलेलं थुंकण्याचाच पगार घेतला. ती सवय हॉटेलात बसलो म्हणून सुटणार थोडीच? पण ती मुलगी, सारिका, उभी होती आणि तिच्या शेजारी तिचा बाप, माझा जुना दोस्त भिमाजी, लिंबू-सोडा घेऊन बसला होता. भिमाजीच्या द्राक्षबागेची तोड दोन-चार दिवसांवर आली होती आणि "सहादू सांगंल त्या दिवशी तोडायची" असं तो गावभर सांगत फिरत होता. इकडे सहादूच्या, म्हणजे माझ्या, जिभेला तीन वर्षांपासून गोड कळत नव्हतं. हे माझ्या बायकोशिवाय कुणालाही माहीत नव्हतं.

मी निमगाव साव्याचा. द्राक्षांच्या व्यापाऱ्याकडे चाखणारा म्हणून होतो. लोक हसतात, द्राक्षं तर सगळेच खातात, त्याला पगार कसला? पण माल कधी तोडायचा हे ठरवणं सोपं नसतं. चार दिवस आधी तोडला तर आंबट निघतो आणि गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं. चार दिवस उशीर झाला तर मणी मऊ पडतो, आणि तेवढ्यात पाऊस आला तर तडकतो. शिवाय द्राक्ष आंब्यासारखं अढीत घालून पिकत नाही. वेलीवर जेवढी गोडी भरली तेवढीच. म्हणून तोडीआधी व्यापारी आपला माणूस बागेत पाठवतो, तो माणूस मी.

बागायतदार दाखवतो तो घड उन्हातला असतो, आणि हातावर ठेवतो तो मणी घडाच्या खांद्यावरचा, देठाजवळचा. तो सगळ्यात आधी गोड होतो. मी घ्यायचो तो सावलीतल्या घडाच्या शेंड्याचा, कारण तो सगळ्यात मागे राहिलेला. तो गोड तर बाग गोड. बागेतल्या तीन ठिकाणचे असे तीन मणी चावायचे, जिभेवर फिरवायचे, थुंकायचे आणि शेवटी "तोड" नाहीतर "थांब" म्हणायचं. चौथा मणी मी कधी घेतला नाही. त्यावरून तालुक्यात मला तीन मण्यांचा सहादू म्हणत. गिळत का नाही असं विचारायचे. अहो, दिवसाला आठ-दहा बागा. गिळत बसलो असतो तर दुपारपर्यंत जीभ गोडानं बधिर झाली असती आणि पोटाचं तर विचारूच नका.

आमचे कांतीशेठ जैन. त्यांचे पणजोबा राजस्थानातून जुन्नरच्या बाजारात आले, पण शेठ मराठी बोलायचे ते आमच्यापेक्षा शुद्ध. कामावर घेताना ते एवढंच म्हणाले, "सहादू, दुकान माझं, जीभ तुझी. तंबाखू, विडी, दारू, काही चालणार नाही. आणि सकाळच्या बागा होईपर्यंत चहासुद्धा नाही." दारू, विडी सोडणं सोपं गेलं. चहानं मात्र मला अर्ध्या तालुक्यात बदनाम केलं. आपल्याकडे दारी आलेला माणूस चहाला नको म्हणाला की घरच्या बाईला वाटतं, काहीतरी बिनसलंय. मी "नंतर घेतो, नंतर घेतो" करत बागेत पळायचो. खिशात शिळ्या भाकरीचा तुकडा असायचा. दोन मण्यांमध्ये तो चघळायचा, म्हणजे तोंड कोरं होतं. एका म्हातारीनं ते पाहिलं आणि गावभर केलं की शेठ आपल्या माणसाला पोटाला घालत नाही.

नमुने तर असे भेटले! एकानं आदल्या दिवशी घडांवर चक्क गुळाचं पाणी मारलं होतं. मी बागेत शिरलो तर मधमाश्यांनी वेलींचा मांडव डोक्यावर घेतलेला. मी आणि तो बागायतदार, दोघंही टोप्या सांभाळत पळालो. त्या दिवशी मला काही चाखावं लागलं नाही.

दुसरा फार भाविक. ओझरच्या विघ्नहराला अभिषेक करून आला आणि बागेच्या तोंडालाच माझ्या हातावर पेढा ठेवला. प्रसादाला नाही कसं म्हणायचं? खाल्ला. पेढ्यावर द्राक्ष खाल्लं तर कितीही गोड असलं तरी आंबटच लागतं, हे त्या बिचाऱ्याला कुठून माहीत असणार! मी म्हटलं, उद्या येतो. त्याला वाटलं मी भाव पाडायला बघतोय. तो म्हणाला, "देवाचा परसाद खाऊन असं करता व्हय पावणं?" दुसऱ्या दिवशी मी पहाटे उपाशीपोटी गेलो आणि "तोड" म्हणालो, तरी पुढे तो माझ्याशी बेताचंच बोलायचा.

मग मीटर आलं. हाताच्या पंजात मावणारी नळी. तिच्या काचेवर द्राक्षाच्या रसाचा थेंब टाकायचा, झाकण लावायचं आणि उजेडाकडे धरून डोळा लावायचा. आत आकडे दिसतात. अठरा आला म्हणजे साखर अठरा. परदेशी माल पाठवणारे आकड्याशिवाय बोलत नाहीत, म्हणून शेठनी मलाही एक घेऊन दिलं. मला राग आला. मी ते पिशवीच्या तळाशी टाकलं. आपला आकडा आणि मीटरचा आकडा जुळतो का हे मी सुरुवातीला एकटाच पडताळून पाहिलं. अर्ध्या आकड्याचाही फरक येत नव्हता. मग तर माझी मान आणखीच ताठ झाली.

बागायतदारांकडेही मीटर आली. पण आमच्या भागात एक रीतच पडून गेली, की सहादूनं मणी थुंकून शब्द दिला की मीटर काढायचं नाही. एकदा एकानं काढलं होतं. मी "थांब" म्हणालो तसं त्यानं खिशातून मीटर काढून माझ्यासमोर उजेडाला धरलं. आकडा माझ्याच बाजूनं आला, पण शेठना हे कळल्यावर ते त्याच्याकडे माल घ्यायला कधी गेले नाहीत. म्हणाले, "माझ्या माणसाच्या शब्दावर आकडा नको." हे ऐकून माझी छाती फुगली होती. आज वाटतं, शेठनी तेव्हा मलाच दोन शब्द सुनावायला हवे होते.

करोनाचा ताप आला आणि गेला. जीवावरचं जिभेवर गेलं असं बायको म्हणाली, पण तेव्हा ती हे गमतीनं म्हणत होती. पंधरा दिवसांनी एकदा खिरीत साखर घालायची राहिली. मी दोन वाट्या भुरकून प्यायलो आणि वर झकास झाली म्हणालो. तिनं स्वतः जेवायला घेतल्यावर तिच्या लक्षात आलं. ती माझ्यासमोर येऊन बसली आणि काही न बोलता तिनं माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला. मी तो चघळला. मातीचं ढेकूळ चघळल्यासारखं वाटलं. लिंबू चाटलं तर आंबट कळलं, कारलं कडू कळलं. फक्त गोड तेवढं गेलं होतं. मला तर रडूच आलं.

येईल परत, असं डॉक्टर म्हणाले. हंगाम तोंडावर आला तरी आलं नाही. शेठना सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. चाखणाऱ्याची जीभ गेली म्हटल्यावर उरतं काय? मग मी लबाडी सुरू केली. पिशवीतलं मीटर बाहेर काढलं. लघवीचं निमित्त करून ओळीच्या पल्याड जायचं, मणी पिळून मीटर बघायचं, परत यायचं, सगळ्यांसमोर तीन मणी चावून थुंकायचे आणि गंभीर चेहऱ्यानं शब्द द्यायचा. एवढ्या खेपा पाहून एका बागायतदारानं मला साखरेची तपासणी करून घ्यायला सांगितलं. मी म्हटलं, साखरेचीच तपासणी चालू आहे.

भिमाजीच्या बागेत मात्र मला निमित्त काढता आलं नाही. तो सावलीसारखा बरोबर. मी ओळीच्या पल्याड निघालो तर हाही निघाला, "चल, मलाबी जायचंय." त्याची बाग जंबो जातीची, टपोरा काळा माल, आणि मी नोकरीत पहिल्यांदा चाखली ती बाग त्याचीच. मी मणी तोंडात टाकला. आंबट. दुसरा घेतला, आंबट. गोड कळतच नाही तर काय लागणार? आंबट तेवढं कळायचं आणि तेवढंच मोठं होऊन समोर यायचं. मी गोंधळून गेलो. बाग खरंच कच्ची आहे की माझी जीभ फसवतेय? आणखी मणी घेतले. मग म्हणालो, "भिमाजी, आठ दिवस थांब."

त्यानं माझ्या पायाशी पडलेल्या चोथ्याकडे एकदा बघितलं. मग म्हणाला, "बरं. तू म्हंतोस तर थांबू."

सहाव्या दिवशी अवकाळी पाऊस झाला. दोन तास पडला, पण धो धो. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं आणि मणी तडकले. बागेत गेलो तर आंबूस वास आणि माश्या. भिमाजी बांधावर बसला होता. मला बघून म्हणाला, "पाऊस काय तुला इचारून येतो व्हय? बस." मी बसलो नाही. त्याच महिन्यात गुडघ्यांचं कारण सांगून मी काम सोडलं. शेठनी सत्कार केला, शाल दिली, माझ्या जिभेवर भाषण केलं. मी खाली मान घालून ऐकलं.

त्यानंतर तीन हंगाम मी भिमाजीच्या बागेत पाय ठेवला नाही. दर वर्षी तो निरोप धाडायचा, बाग चाखायला ये. मी कधी गुडघा पुढे करायचो, कधी लग्न, कधी डोळ्याचं ऑपरेशन. यंदा त्याचा निरोप आला तेव्हा आभाळ पुन्हा भरून येत होतं. मी कळवलं, प्रवासाला चाललोय. मग सारिकाचा फोन आला.

सारिका म्हणजे त्याची थोरली. पुण्यात हॉटेल मॅनेजमेंट शिकली, मोठ्या हॉटेलात नोकरी केली आणि आता नवऱ्याबरोबर नारायणगावच्या पुढे हायवेला रेस्टॉरंट चालवते. खाली फॅमिली हॉल, वर परमिट रूम. शिवनेरी, माळशेज बघायला येणारी पुण्या-मुंबईची मंडळी तिथं थांबतात. फोनवर ती म्हणाली, "काका, पप्पांच्या द्राक्षांचं एक नवीन कॉकटेल केलंय. तुम्ही चाखून हो म्हणालात तरच मेनूत घालणार." मी म्हटलं, मी दारूला शिवत नाही, मला बीपी आहे. तर अर्ध्या तासात भिमाजीच मोटारसायकल घेऊन दारात. "प्रवासाला चालला व्हतास ना? चल, सोडतो." बायको आतून हसत होती. काय करणार, बसलो मागे.

तर असा मी त्या ग्लासासमोर येऊन पोचलो होतो. दुपारची जेवणं उरकली होती, हॉल रिकामा होता. मी सारिकाला थुंकण्याचं कारण समजावून सांगितलं तेव्हा कुठे तिच्या चेहऱ्यावर रंग आला.

"मग आता गिळून बघा. यात बर्बन आहे. अमेरिकेची व्हिस्की. मक्यापासून करतात आणि आतून जाळलेल्या लाकडी पिंपात मुरवतात."

"मक्याची?" भिमाजी म्हणाला. "आमी इतकी वर्सं गुरांना मका घालतोय. येकबी ढोर कवा झिंगलं नाय."

"पप्पा, तुम्ही गप्प बसा. काका, यात बर्बनशिवाय तीन फळं आहेत. ओळखा बरं."

मी घोट घेतला आणि गिळला. आयुष्यातली पहिली दारू, तीही अमेरिकेची, त्रेसष्टाव्या वर्षी. आधी नाकात जळक्या लाकडाचा वास. मग जिभेवर आंबट, मग थोडं तुरट, मग घशातून ऊब उतरत छातीत गेली. आणि या सगळ्याच्या मधे काहीतरी होतं. ते गोड होतं का? की चटका बसल्यानं तसं वाटलं? मी पुन्हा घोट घेतला. आता ते नव्हतं. तिसऱ्या घोटाला वाटलं की आहे. माझं तर डोकंच चालेना. तीन वर्षांनी गोडी परत आली म्हणून हसावं, की ही दारूची फसवणूक आहे म्हणून गप्प बसावं?

"द्राक्ष," मी म्हणालो. ते तर काडीला टोचलेलंच होतं.

"ते झालंच. बाकीची?"

भिमाजीनं आपल्या सोड्याच्या ग्लासातली लिंबाची फोड काढली, निष्काळजीपणे टेबलावर ठेवली आणि बोटानं माझ्याकडे सरकवली.

"लिंबू," मी म्हणालो.

"वा! आणि तिसरं? ते अवघड आहे हं."

मी पुन्हा ग्लास उचलला. काही कळेना. चिंच म्हणावं की कोकम? तेवढ्यात भिमाजी खिडकीतून बाहेर बघत स्वतःशीच बोलल्यासारखं बोलला, "गेल्या उन्हाळ्यात आंबेगावच्या डोंगराला करवंदं लई लागली व्हती. सारिकीनं डब्बा भरून सरबत घातलं व्हतं."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो बाहेरच बघत होता. हा पोरीचं कौतुक करतोय की मला उत्तर सांगतोय? आणि सांगायचं कारण काय?

"करवंद," मी हळूच म्हणालो.

सारिकानं टाळ्याच वाजवल्या. "काका, मानलं! आमच्या शेफला नाही ओळखता आलं. तुमची जीभ अजून तशीच आहे." ती पळत आत गेली, नवऱ्याला सांगायला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पस्तीस वर्षांत एवढी वाहवा मी खूपदा ऐकली होती, पण अशी टोचली नव्हती. समोर भिमाजी लिंबाची फोड परत ग्लासात टाकत होता.

"मग उद्या सकाळी येतोस ना बागेत?" तो म्हणाला. "आभाळाचं काय खरं नाय. तू सांगशील तसं करू."

पुन्हा तेच. पुन्हा मी जाणार, आंबट लागणार आणि मी सांगणार थांब. किंवा घाबरून सांगणार तोड, आणि माल कच्चा निघणार. त्या मक्याच्या दारूनं धीर आला की त्या करवंदानं, सांगता येत नाही, पण मी ग्लास बाजूला सारला.

"भिमाजी, मला गोड कळत नाही. तीन वर्षं झाली. त्या साली तुझी बाग मी न कळताच थांबवली. पावसानं नाही गेली ती, माझ्यामुळे गेली."

मला वाटलं, आता हा उठून जाईल, नाहीतर शिव्या घालील. दोन्हीची तयारी होती.

"म्हाईत हाय मला," तो म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"आरं, सात मणी खाल्लेस त्या दिवशी. मी मोजलं की. जल्मात तीनाच्या वर खाल्ले न्हवतेस. त्यातले दोन तर घडाच्या वरचे घेतलेस. आणि शेवटचा गिळलास, थुंकायचं इसरलास. मला काय डोळे नाईत व्हय?"

मी सात मणी खाल्ले होते हे मला स्वतःलाही आठवत नव्हतं.

"आणि बाग? कच्ची होती ना बाग?" मी विचारलं. तो हो म्हणाला असता तर किती बरं झालं असतं!

"सकाळीच मीटर लावलं व्हतं. तयार व्हती." त्यानं सोड्याचा घोट घेतला. "मीटर तवाबी खिशातच व्हतं माज्या."

"अरे मग काढायचं होतंस की मूर्खा!" मी ओरडलोच. "माझ्या तोंडावर मारायचं होतंस ते मीटर! एवढं पीक गेलं ना तुझं!"

"हात गेला नाय." तो शांतपणे म्हणाला. "पस्तीस वर्सं तू तोड म्हणालास तवा तोड केली. तुज्या म्होरं मीटर काढायचं म्हंजे... नाय जमलं. म्हटलं, आठच दिवस हायेत, सांभाळंल देव. नाय सांभाळलं."

"माझ्या पिशवीतही होतं," मी म्हणालो. "मीटर. त्या दिवशी. तू पाठ सोडली असतीस तर बघून आलो असतो."

दोघांपाशी दोन मीटर, मधे तयार बाग, आणि दोघंही एकमेकांच्या अब्रूसाठी ती झाकून उभे. तो आधी हसला. मलाही हसू आलं. मी तोंड पुसायच्या निमित्तानं रुमाल काढला आणि डोळे पुसले.

"मग इतकी वर्षं मला बागेत का बोलावतोस? मीटर आहे ना तुझ्याकडे? जीभ गेलेला माणूस कशाला पाहिजे तुला?"

"पीक गेलं ते फुडल्या साली परत आलं," भिमाजी म्हणाला. "तू नाय आलास."

तेवढ्यात सारिका नवऱ्याला घेऊन बाहेर आली. मी तिला जवळ बोलावलं आणि खरं ते सांगितलं, की पोरी, लिंबू आणि करवंद तुझ्या बापानं सुचवलं, मला काही ओळखता आलं नाही. मधे क्षणभर गोड लागल्यासारखं वाटलं, पण ते गोडच होतं की काय, तेही सांगता येणार नाही. तिनं बापाकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिला वाईट वाटेल असं वाटलं होतं.

"अहो काका, इथं येणाऱ्या निम्म्या लोकांना ते काय पितात हे कळत नाही," ती म्हणाली. "तुम्हाला आवडलं का, तेवढं सांगा."

आवडलं का? पस्तीस वर्षांत हे मला कुणी विचारलंच नव्हतं. गोड आहे का, तोड करू का, एवढंच विचारत. मी ग्लासाकडे बघितलं. निम्मा संपला होता, म्हणजे आवडला असावा. मी उरलेला प्यायलो आणि तिला म्हटलं, घाल मेनूत. भिमाजीनं मला मोटारसायकलवर घरी सोडलं. बायकोनं माझा वास घेतला, भिमाजीकडे बघितलं आणि चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या बागेत गेलो. मांडवाखालून वाकून चालताना गुडघा खरंच दुखला, इतके दिवस खोटं बोलल्याची ती शिक्षाच म्हणायची. मी सावलीतला घड शोधला, शेंड्याचा मणी घेतला आणि भिमाजीच्या समोर पिशवीतून मीटर काढलं. त्यानंही खिशातून आपलं काढलं. दोघांनी एकाच मण्याचा रस वाटून घेतला, आपापल्या काचेवर टाकला आणि उजेडाकडे तोंड करून उभे राहिलो. लांबून कुणी बघितलं असतं तर याड लागलं म्हणालं असतं.

"एकोणीस," मी म्हणालो.

"येकूणीस," तो म्हणाला. "तोड?"

"तोड."

मग त्यानं एक मणी तोडून माझ्या तळहातावर ठेवला. खांद्यावरचा, देठाजवळचा, पाहुण्याला देतात तो. मी चावला. आधी आंबट आलं. मग थोडा वेळ काहीच नाही. मग, अगदी मागे, कालच्यासारखं काहीतरी आलं आणि लगेच गेलं.

"कसा हाय?" त्यानं विचारलं.

"कळेना बाबा."

"मग आनखी येक खा," भिमाजी म्हणाला, आणि अख्खा घडच तोडून त्यानं माझ्या हातात दिला. आम्ही बांधावर बसलो. मी एकेक मणी तोंडात टाकत होतो, मोजत नव्हतो आणि सगळे गिळत होतो.